चिंधी, डाग आणि दाब

कृष्णाच्या बोटाला कापले, रक्ताची धार लागली आणि चिंधीसाठी धावाधाव झाली, ही गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. सुभद्रा पाठची बहीण. पण शालू-पैठण्यांच्या ढिगात तिला फाडण्याजोगे काही सापडले नाही. द्रौपदी मानलेली बहीण. तिने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून बोट बांधले. लोकपरंपरेतून आलेली ही कथा १९५३च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्याने घरोघरी पोहोचवली. आपण ती बंधुप्रेमाची कथा म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. वैद्यकाच्या इतिहासाचा वाचक म्हणून मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. रक्त वाहत असताना त्या गोष्टीत कुणी राजवैद्याला बोलावणे धाडत नाही. जवळ कोण आहे, हाताशी काय आहे आणि ते वापरायला तो माणूस तयार आहे का, एवढ्याच तीन प्रश्नांवर सारे ठरते.

रक्तस्राव थांबवण्याच्या इतिहासातही हेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. हा इतिहास सहसा शल्यचिकित्सकांचा म्हणून लिहिला जातो. पण जखमी माणूस शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचण्याआधी जी काही मिनिटे जातात, त्यांचाही एक इतिहास आहे. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक वेळा निकाल त्याच मिनिटांत लागलेला असतो.

पाच लिटरांचा हिशेब

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते, आणि शांत बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला जवळजवळ तेवढेच रक्त फिरवते. अर्धा-पाऊण लिटर गेले तर शरीर सावरून घेते; रक्तदात्याच्या बाबतीत आपण ते पाहतोच. दोन लिटरांच्या आसपास गेले की जीव धोक्यात येतो. मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस पाच मिनिटांच्या आतही जाऊ शकतो. याउलट भाजी चिरताना बोट कापले तर काही न करताही रक्त थांबते. तुटलेली लहान रक्तवाहिनी आकसते, रक्तातल्या बिंबिका तेथे गोळा होतात आणि तंतूंचे जाळे विणले जाऊन गुठळी धरते.

बाहेरून आपण जे काही करतो ते या नैसर्गिक कामाला मदत म्हणूनच. वाहत्या ओढ्यात बांध घालणे कठीण असते, पण पाण्याचा जोर कमी केला की माती टिकते. जखमेवर दाबून धरलेला तळहात हेच करतो. हे तत्त्व इतके साधे आहे की ते माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक असणार. नवल याचे वाटते की ते ठाऊक असूनही माणसाने शतकानुशतके दाबण्यापेक्षा काहीतरी लावण्यावर आणि जाळण्यावर अधिक भरवसा ठेवला.

सुश्रुताचा क्रम

‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानात रक्ताचे वर्णन करणारा चौदावा अध्याय आहे. शिरावेध करताना रक्त प्रमाणाबाहेर जाऊ लागले तर काय करावे, याचा विचार तेथे येतो. रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे जुळवून आणणे म्हणजे संधान. थंडाव्याने रक्त घट्ट करणे म्हणजे स्कंदन. राखेने जखम सुकवणे म्हणजे पाचन, आणि डाग देऊन शिरा आकसवणे म्हणजे दहन.

मला या यादीपेक्षा तिचा क्रम मोलाचा वाटतो. आधीचा उपाय फसला तरच पुढचा करायचा आहे आणि डागणे सर्वांत शेवटी आहे. दुसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. लोध्र, प्रियंगू यांसारख्या द्रव्यांचे चूर्ण जखमेच्या तोंडावर हळूहळू भुरभुरवायचे आणि बोटाच्या टोकाने दाबायचे, असे तेथे सांगितले आहे. शिवाय घट्ट बांधायलाही सांगितले आहे. म्हणजे औषध आणि दाब ही जोडी आहे.

आपल्या घरगुती उपचारांत या चारही उपायांच्या खुणा सापडतात. न्हाव्याच्या पेटीतली तुरटी म्हणजे संधान. घोळणा फुटला की डोक्यावर थंड पाणी थापतात ते स्कंदन. कापसाची किंवा कापडाची राख जखमेत भरणे हे पाचन. गेल्या पिढीपर्यंत खेड्यात डाग देणारी माणसे होती, ते दहन. या जोडीतला दाबाचा भाग मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. आजीने हळद दाबून धरली आणि रक्त थांबले, या वाक्यात आपण ‘हळद’ लक्षात ठेवली आणि ‘दाबून धरली’ हे विसरलो.

परंपरा किती जुनी असते याबद्दलही जपून बोलावे लागते. शेताच्या बांधावर उगवणारा दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि ती अनादी काळापासून चालत आली आहे असे आपण समजतो. पण ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधातल्या अमेरिकेची आहे. आपल्या लोकांनी एका परक्या तणाची पारख करून त्याला आपल्या औषधांत जागा दिली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. मला त्यात कमीपणा दिसत नाही. लोकवैद्यक जिवंत होते, नवे घेत होते, याचा तो पुरावा आहे.

पुण्याजवळचा कात

या विषयातले एक महत्त्वाचे पान पुण्याजवळ घडले आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकणारा होता. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन वैद्य ही शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. ही हकीकत वाचून इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला गेला. हे सारे पुष्कळदा लिहिले गेले आहे.

त्या वृत्तान्तातला एक तपशील मात्र अभिमानाच्या भरात वाचला जात नाही. नाक बसवल्यावर त्या कारागिराने काताची वडी पाण्यात भिजवून मऊ केली, ती कापडाच्या पट्ट्यांवर पसरली आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरी कोणतीही मलमपट्टी केली नाही. हा कात म्हणजे आपल्या विड्यातला कात. त्यात टॅनिन भरपूर असते, म्हणूनच तो जिभेला तुरट लागतो आणि पेशी आकसवतो. सुश्रुताच्या परिभाषेत हे शुद्ध संधान आहे. तो कारागीर संस्कृत ग्रंथ वाचून हे शिकला असण्याची शक्यता मला कमी वाटते. बापाच्या हातातून मुलाच्या हातात आलेली ती विद्या होती. ग्रंथातली विद्या आणि हातातली विद्या यांची ताटातूट झाल्यावरही हात काम करत राहिले.

त्याच हकीकतीचा विचार करताना मला नाकापेक्षा हाताचे कुतूहल वाटते. मनगट तोडले की दोन धमन्या तुटतात. कावसजी त्यातून जगला. त्या क्षणी कुणीतरी काहीतरी आवळून बांधले असेल, डागले असेल किंवा दाबून धरले असेल. नाक बसवणाऱ्याची कला लंडनपर्यंत पोहोचली. ते रक्त कसे थांबले याची नोंद घेण्याची गरज कुणाला वाटली नाही. प्रथमोपचाराचा इतिहास लिहिणे कठीण आहे ते यामुळेच.

उकळते तेल आणि फिरकीचा स्क्रू

युरोपात नोंदी अधिक आहेत, पण त्या नोंदींत विस्मरणही तितकेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने जखमेत कोरडे कापड भरून, वर थंड पाण्यातून पिळलेला स्पंज ठेवून हाताने दाबावे, आणि तरीही न थांबल्यास रक्तवाहिनी दोन ठिकाणी बांधावी, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. दीड हजार वर्षांनंतर युरोपातल्या रणांगणांवर मात्र तापलेल्या लोखंडाचे आणि उकळत्या तेलाचे राज्य होते.

फ्रेंच शल्यचिकित्सक आम्ब्रुआझ पारे हा विद्यापीठातला पंडित नव्हता. तो न्हावी-शल्यकारांच्या परंपरेतला होता. तूरिनच्या मोहिमेत, १५३७च्या सुमारास, गोळी लागलेल्या सैनिकांच्या जखमांत ओतायचे तेल संपले. त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहिले तर तेल ओतलेले सैनिक तापाने फणफणत होते आणि मिश्रण लावलेले शांत होते. पुढे अवयव कापताना डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा पुरस्कार त्याने केला आणि १५६४च्या ग्रंथात तो मांडला. सेल्ससने सांगितलेलीच गोष्ट पुन्हा शोधावी लागली.

तरीही पारेची पद्धत लगेच रुजली नाही, आणि याला केवळ हट्ट कारण नव्हता. मांडी कापल्यावर रक्ताचे कारंजे उडत असताना प्रत्येक वाहिनीचे टोक शोधून बांधायचे कसे? आधी प्रवाह थोपवायला हवा होता. ती सोय लष्करी शल्यकारांनी शोधली. १६७४मध्ये बझांसोंच्या वेढ्यात एत्येन मोरेल याने पट्टीत काठी घालून ती पिळण्याची युक्ती वापरल्याचे सांगतात. विहिरीवरचा दोर किंवा ओले धोतर पिळणाऱ्या कोणालाही ती समजेल. १७१८मध्ये झां-लुई पेती याने काठीऐवजी स्क्रू बसवला. आता दाब हवा तेवढा वाढवता येई, कमी करता येई आणि मदतनिसाने सतत धरून ठेवण्याची गरज उरली नाही. फिरवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून या साधनाला ‘टूर्निकेट’ म्हणू लागले. दोऱ्याने बांधण्याची पारेची पद्धत व्यवहारात आली ती यानंतर.

मधल्या काळात विल्यम हार्वेने १६२८मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला होता. त्यासाठी त्याने वापरलेले मुख्य साधन होते दंडाला बांधलेली पट्टी. पट्टी फार आवळली तर मनगटाची नाडी थांबते आणि हात गार पडतो. थोडी सैल केली तर नाडी परत येते, पण शिरा फुगतात. याचा अर्थ रक्त धमन्यांतून खोलवरून जाते आणि वरवरच्या शिरांतून परतते. या प्रयोगातून प्रथमोपचाराला एक मोलाचा धडा मिळाला, तो असा की अर्धवट आवळलेली पट्टी न बांधल्याहून वाईट. ती परतीची वाट अडवते आणि येण्याची वाट उघडी ठेवते, त्यामुळे जखम अधिकच वाहते.

शिपायाच्या खिशातला रुमाल

एकोणिसाव्या शतकात खरा बदल घडला तो साधनापेक्षा अधिकारात. जर्मन लष्करी शल्यचिकित्सक फ्रीडरिख फॉन एस्मार्क याने सैनिकांसाठी त्रिकोणी रुमाल प्रचारात आणला. त्याच्यावर तो कसा बांधायचा याची चित्रेच छापलेली असत. अक्षरशत्रू शिपायालाही ती कळत. इंग्लंडमध्ये १८७७मध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी सर्जन-मेजर पीटर शेफर्ड याने वूलिच येथे सामान्य नागरिकांसाठी वर्ग घेतले. काही महिन्यांतच, जानेवारी १८७९मध्ये, झुलू युद्धातल्या इसांडलवानाच्या लढाईत तो मारला गेला. त्याचे हस्तपुस्तक त्याच्या मागून प्रसिद्ध झाले. एस्मार्कने लंडनमध्ये हे काम पाहिले आणि १८८२मध्ये कील येथे तसेच वर्ग सुरू केले.

खाणकामगार, रेल्वे कर्मचारी, पोलीस आणि गृहिणी यांना धमनी कुठे दाबावी हे शिकवणे त्या काळी साधे नव्हते. अर्धवट ज्ञान घातक ठरेल, असा आक्षेप होताच. पण यंत्रयुगातले अपघात डॉक्टरची वाट पाहत नव्हते. आपल्याकडे शाळेत स्काउट-गाइडच्या तासाला जी त्रिकोणी पट्टी आपण बांधायला शिकलो, तिचा वंश या रुमालाशी पोहोचतो.

बदनामी आणि पुनर्वसन

टूर्निकेटची बदनामी पहिल्या महायुद्धात झाली. खंदकात पट्टी आवळली जाई आणि जखमी शल्यगृहात पोहोचेपर्यंत कित्येक तास उलटत. दोन तासांच्या पुढे मज्जातंतू आणि स्नायूंची हानी वाढत जाते. अनेकांचे हातपाय गेले. डॉक्टरांसमोर आलेले रुग्ण हे असे होते. पट्टी न बांधल्यामुळे खंदकातच गेलेले त्यांच्यासमोर येतच नव्हते. त्यामुळे अनुमान एकतर्फी निघाले, आणि पुढची अनेक दशके ‘टूर्निकेट अगदी शेवटचा उपाय’ हे वाक्य प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून फिरत राहिले.

व्हिएतनाम युद्धात केवळ हातापायांच्या रक्तस्रावाने अडीच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक गेले असा अंदाज पुढे मांडला गेला. १९९६मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकातल्या नव्या मार्गदर्शिकेने टूर्निकेट पुन्हा पुढे आणले. इराक युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयात जॉन क्राघ आणि सहकाऱ्यांनी २३२ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त जाऊन शरीर कोलमडण्याआधी पट्टी बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले होते, तर कोलमडल्यानंतर बांधलेल्यांपैकी १० टक्के. पट्टीमुळे एकाही रुग्णाचा हात वा पाय गमवावा लागला नव्हता. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली गोष्ट शेवटी वापरली, म्हणूनच ती अपयशी ठरत होती.

जखमेत भरायच्या चूर्णांचाही असाच फेरा झाला. या शतकाच्या सुरुवातीला झिओलाइट या खनिजाचे दाणे सैनिकांना दिले गेले. ते रक्तातले पाणी शोषून घेत, पण त्यात इतकी उष्णता निर्माण होई की जखम भाजे. दहनाची पद्धत जणू मागच्या दाराने परत आली होती. ते दाणे मागे पडले आणि केओलिन, म्हणजे एक प्रकारची पांढरी माती, लावलेली निर्जंतुक पट्टी आली. म्हणून शेतातली माती जखमेत भरावी असा अर्थ कुणी काढू नये. त्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. शिवाय ही आधुनिक पट्टी जखमेत कोंबल्यावरही वरून काही मिनिटे हाताने दाबून धरावी लागतेच. सुश्रुताने चूर्णाबरोबर बोट ठेवायला सांगितले होते, ते अजून उचलता आलेले नाही.

आपला प्रश्न

आजचे शास्त्र थोडक्यात असे आहे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबावे आणि थांबले का हे पाहण्यासाठी सारखे उचलू नये. कापड भिजले तर दाब न सोडता त्यावर दुसरे ठेवावे आणि अधिक नेमके दाबावे. जांघ किंवा काखेत जखम खोल असेल तर कापड आत भरून दाबावे. काही रुतले असेल तर उपसू नये. हाता-पायाची जखम दाबूनही धो धो वाहत असेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून, रुंद पट्टी रक्त थांबेपर्यंत आवळावी, वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयापर्यंत सोडू नये. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नये आणि कांदा हुंगवण्यातही वेळ घालवू नये; पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरावा.

महाराष्ट्रात एक गफलत जास्त दिसते. साप चावल्यावर दोरी आवळून बांधणारे हात अपघातातल्या वाहत्या पायाला मात्र काही बांधत नाहीत. सर्पदंशात आवळपट्टी बांधू नये, कारण तिने त्या भागाची हानी वाढते, असे वैद्यक सांगते. आणि जिथे ती जीव वाचवते तिथे ती आपल्याला आठवत नाही.

पण अज्ञानापेक्षा मोठा अडथळा भीतीचा होता. २०२२मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. जखमीला हात लावला तर पोलीस, साक्ष, कोर्टाच्या खेपा मागे लागतील, हे आपल्याकडे पोरवयापासून ऐकवले जाई. १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीवर तातडीने उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. कायदेशीर सोपस्कार नंतर. रस्त्यावरच्या सामान्य माणसाला असे संरक्षण मिळायला मात्र मार्च २०१६ उजाडला. त्या वर्षी न्यायालयाने मदतनिसांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

कायद्याची वाट न पाहणारी माणसेही याच राज्यात होती. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्या चादरींतून वाहून नेले. त्यांनी कुणाला नाव विचारले नाही. त्या माणसांना रक्त कसे थोपवायचे हेही येत असते तर त्यांच्या धावण्याचे मोल कितीतरी वाढले असते, असे मला वाटते. शेफर्डने वूलिचला हेच गृहीत धरले होते की माणसे मदतीला धावतात. त्यांच्या हातांना काय करायचे ते माहीत हवे. सुमारे दीडशे वर्षांनंतर आपल्या शाळांत, कारखान्यांत आणि गृहसंकुलांत तो वर्ग भरवणे ही काही तासांची बाब आहे. त्याला लागणारे साहित्य म्हणजे जुन्या सुती साड्या, एक काठी आणि आपले दोन तळहात.